ऑनलाइन नोकरभरती : जमेची बाजू आणि नावेची बाजू

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करआकारणी, गोदामाची निगा इत्यादी विषयांवर अनुभवी व्यापारीबंधू दरवर्षी लिहीत असतात. यंदा चिटणीसांनी आम्हांस, 'हल्ली पेढीवर टिकणारी माणसे मिळत नाहीत, यावर चार शब्द लिहा' अशी आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म घाऊक धान्याच्या थप्प्यांमध्ये गेलेला. तेव्हा शास्त्रीय विवेचन करण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि माणसे शोधण्याच्या नव्या पद्धतीने गेल्या दोन वर्षांत आम्हांस काही धडे दिले. त्यांपैकी काहींची किंमतही आम्ही मोजली. त्याचाच जमाखर्च येथे मांडीत आहोत.

माणसे मिळत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. पूर्वी माणूस नोकरी शोधीत पेढीच्या पायरीशी येत असे. आता तो हातातल्या फोनवर नोकरी शोधतो, आणि आमच्यासारखे व्यापारी अजून पायरीकडेच डोळे लावून बसलेले असतात.

चिठ्ठीचा काळ

आमची पेढी सुरतेस, आणि वखार हजीऱ्याच्या रस्त्यावर. तापीच्या मुखाजवळचा हा भाग एके काळी शेतीवाडीचा आणि मासेमारीचा. १९८५-८६ च्या सुमारास तेथे कृभकोचा खत कारखाना सुरू झाला. १९९१ च्या सुमारास रिलायन्सचा कारखाना उभा राहिला. लार्सन अँड टुब्रोचे अवजड यंत्रांचे कारखाने, पोलाद कारखाना, वायू उतरविण्याचा धक्का, बंदर अशी एकामागून एक भर पडत गेली. कारखाना आला की उपाहारगृह येते, आणि उपाहारगृह आले की तांदूळ, तूरडाळ व गहू लागतात. आमच्या तीर्थरूपांनी वखार तिकडे नेली ती याच हिशेबाने.

त्याच साली, म्हणजे १९८६ मध्ये, आमचे मुनीम पेढीवर आले. अमळनेरहून एका नातेवाइकाने तीन ओळींची चिठ्ठी दिली होती : 'मुलगा आपल्या ओळखीच्या घरचा आहे. हिशेब येतो. सांभाळून घ्यावे.' तीर्थरूपांनी चिठ्ठी वाचली, अक्षर पाहिले, एक बेरीज करावयास दिली आणि दुसऱ्या दिवसापासून कीर्द त्याच्या हाती सोपविली. ते गृहस्थ अडतीस वर्षे राहिले आणि २०२४ च्या दिवाळीत चोपडापूजन करून निवृत्त झाले.

या चिठ्ठीचे गुण आम्ही नाकारीत नाही. चिठ्ठी देणारा स्वतःची अब्रू गहाण ठेवीत असे, आणि नोकराने दगा दिला तर त्याचा जाब त्यास नात्यागोत्यात द्यावा लागे. परंतु चिठ्ठीचे दोषही आम्ही भोगले आहेत. एकदा अशाच चिठ्ठीने आलेल्या एका आप्ताने वसुलीचे पैसे दडविले. नाते आडवे आले. आम्ही फिर्याद केली नाही आणि रक्कम बुडीत खाती टाकली. शिवाय चिठ्ठी ज्या घरांतून निघे, ती घरे नेहमी तीच. ज्याच्या घरी आमचे येणे-जाणे नाही, त्याचा मुलगा कितीही हुशार असला तरी आमच्या पायरीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. चाळीस वर्षे आम्ही ज्यास विश्वास म्हणत आलो, ती पुष्कळदा नुसती ओळख होती.

सरकारी नोंदवहीपासून फोनपर्यंत

ओळखीवाचून नोकरी मिळावी म्हणून सरकारने पूर्वीच प्रयत्न केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी १९४५ मध्ये आपल्या देशात सेवायोजन कार्यालये निघाली आणि १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने, पंचवीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागांची खबर या कार्यालयास द्यावी, असे बंधन घातले. खबर देणे सक्तीचे होते. मात्र त्याच यादीतून माणूस घेतला पाहिजे अशी सक्ती नव्हती. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय सामावून घेण्यात आला. गुजरात सरकारने १९९५ च्या ठरावाने उद्योगांत एकूण ८५ टक्के, आणि देखरेख व व्यवस्थापनाच्या जागांवर ६० टक्के स्थानिक माणसे असावीत असे धोरण ठरविले. हजीऱ्याच्या आसपासच्या गावांत या टक्केवारीची चर्चा अजूनही चालते.

इकडे अमेरिकेत १९९४ मध्ये संगणकाच्या जाळ्यावर नोकऱ्यांचा पहिला मोठा फलक लागला. आपल्याकडे 'नोकरी डॉट कॉम' १९९७ मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही व्यवस्था जुलै २०१५ पासून सुरू झाली. तीवर नोंदणीस पैसे पडत नाहीत. गुजरातचे 'अनुबंधम्' आणि महाराष्ट्राचे 'महास्वयम्' ही त्या त्या राज्याची स्थळे. याखेरीज हमाल, वाहनचालक, दुकानातील मदतनीस यांच्यासाठी फोनवर चालणारी खासगी ॲप निघाली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेतून असंख्य मजूर आपापल्या मुलखास गेले. त्यांना परत बोलाविताना, आणि परत न आलेल्यांच्या जागी नवे पाहताना, आमच्या बाजारातील पुष्कळांनी प्रथमच अशा ॲपवर हात फिरविला.

हजीऱ्यास या पद्धतीचे दोन थर दिसतात. अभियंता, रसायनतज्ज्ञ किंवा लेखापाल यांचे अर्ज कारखान्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर देशभरातून येतात. मदतनीस, वेल्डर, फिटर, उपाहारगृहातील आचारी हे मात्र ठेकेदार व मुकादम यांच्या मार्फत येतात. पण त्या मुकादमाची चिठ्ठी आता व्हॉट्सॲपवर फिरते. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत या वस्त्यांत आधीपासून राहत असल्याने, येथील जाहिरात तासाभरात खानदेशातील गावोगावी पोहोचते.

जमेची बाजू

मुनीम निवृत्त होणार म्हणून आमच्या चिरंजीवाने सकाळी फोनवर जाहिरात दिली. सायंकाळपर्यंत शंभराहून अधिक अर्ज आले. एवढ्या चिठ्ठ्या आमच्या पेढीस तीन पिढ्यांत आल्या नसतील. वेग आणि व्याप्ती हा या पद्धतीचा पहिला लाभ होय. वर्तमानपत्रातील चार ओळींच्या जाहिरातीस जो खर्च येतो, त्यापेक्षा हा खर्च अल्प आहे. सरकारी स्थळांवर तर तो नाहीच.

दुसरा लाभ लेखी नोंदीचा. उमेदवार काय म्हणाला आणि आपण कोणता पगार कबूल केला, हे दोन्ही लिहिलेले राहते. मागाहून 'असे बोललोच नव्हतो' म्हणावयास जागा उरत नाही. शिक्षणाची प्रमाणपत्रे 'डिजिलॉकर'मधून उमेदवाराच्या संमतीने पाहता येतात, त्यामुळे बनावट गुणपत्रिकेची भीती कमी होते.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत मोठा लाभ असा की, दार सर्वांस सारखे उघडते. अर्ज करणाऱ्यास आमच्या आप्तांची ओळख असावी लागत नाही. विशेषतः मुली व स्त्रिया, ज्या धान्यबाजारात येऊन 'काम आहे काय' असे विचारण्यास संकोचतात, त्या घरबसल्या अर्ज करू शकतात. नेमणुकीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यापासूनच मनाई आहे. परंतु ज्या दाराशी स्त्री कधी आलीच नाही, तेथे भेद झाला की नाही हे कळणार तरी कसे?

नावेची बाजू

आता खर्चाची बाजू पाहू. शंभर अर्ज आले खरे, पण ते वाचावयाचे कोणी? चिरंजीवाने फोनमधील चाळणी लावली : 'अनुभव किमान पाच वर्षे'. क्षणात शंभराचे तेवीस झाले. आम्हांस मोठी मौज वाटली. धान्याची चाळणी मात्र आम्हांस ठाऊक आहे. भोक मोठे ठेवले तर खडा जातो आणि लहान ठेवले तर चांगला दाणाही मागे राहतो. यंत्राची चाळणी पूर्वीच्या सवयीच गिरवीत असते, हे जगातील मोठ्या कंपन्यांनीही अनुभवले आहे. ॲमेझॉन कंपनीने अर्ज निवडण्यासाठी एक यंत्रबुद्धी तयार केली होती. तिला जुन्या वर्षांचे अर्ज शिकविले होते, आणि त्यांत पुरुषांचेच अर्ज अधिक होते. परिणामी ती स्त्रियांच्या अर्जांस कमी लेखू लागली, आणि कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. ही हकीकत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

आमच्या तेवीसांतून एक पदवीधर तरुण निवडला गेला. फोनवरील चित्रातून मुलाखत झाली. हिशेबाची परीक्षा त्याने घरून पाठविली, ती उत्तम होती. प्रत्यक्ष पेढीवर आल्यावर आम्ही सहज विचारले, 'पंचवीस किलोच्या छापील नावाच्या पिशवीवर कर लागतो, आणि पन्नास किलोच्या पोत्यावर का लागत नाही?' १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव, छापील धान्यावर पाच टक्के कर लागू झाला, ही आमच्या धंद्यातील बाराखडी. त्यास ती ठाऊक नव्हती. परीक्षा कोणी दुसऱ्यानेच लिहून दिली असावी, असा आमचा तर्क. तरीही शिकेल म्हणून ठेवला. सतराव्या दिवशी तो आला नाही, फोनही बंद. पुढे कळले की दोन हजार रुपये अधिक मिळाले म्हणून तो दुसरीकडे गेला. एका वेळी दहा ठिकाणी अर्ज करणाऱ्यास पेढीविषयी आपलेपणा कोठून वाटावा? मात्र दोष सर्वस्वी त्याचा नव्हता. हंगामात पेढी रात्री नऊपर्यंत चालते, हे आम्ही जाहिरातीत लिहिले नव्हते.

एका पोराची हकीकत

याहून मोठी हानी आम्ही पाहिली ती दुसऱ्याच्या खात्यात. आमच्या वखारीचे मुकादम नंदुरबारकडचे. एके दिवशी दुपारी त्यांचा भाचा पाठीवर पिशवी घेऊन वखारीत येऊन उभा राहिला. हजीऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात भांडारपालाची नोकरी लागली, असे शिक्का मारलेले पत्र त्याच्या फोनमध्ये होते. नोंदणीचे पंधराशे, गणवेशाचे बत्तीसशे आणि परत मिळावयाची ठेव म्हणून सात हजार, असे अकरा हजार सातशे रुपये त्याने भरले होते. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पत्र पाहिले आणि हात जोडून सांगितले, 'बाबा, असे पत्र घेऊन आज आलेला तू तिसरा.' कारखान्याचा त्या पत्राशी काडीचाही संबंध नव्हता. कोणी भामट्याने नाव तेवढे वापरले होते.

पैसे मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून दिले होते. आम्ही तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली. परंतु पैसे देऊन बरेच दिवस लोटले होते. ते परत आले नाहीत. अशा फसवणुकीत पहिले काही तासच मोलाचे असतात, कारण तेवढ्या वेळात रक्कम बँकेत अडविता येते. पुढे ती खात्याखात्यांतून पसार होते.

त्या मुलास आम्ही जरा रागानेच विचारले, 'अरे, एवढे शिकलेला तू, तुला संशय कसा आला नाही?' तो म्हणाला, 'शेठ, सगळ्याच जाहिराती तशा असतात. कुणाचाच पत्ता नसतो.' आम्ही घरी येऊन चिरंजीवाने दिलेली आमची जाहिरात पुन्हा वाचली. तीत पेढीचा पत्ता नव्हता. पगारापुढे 'योग्यतेनुसार' असे लिहिले होते. बोलावयाचे कोणाशी, त्याचे नाव नव्हते. प्रामाणिक जाहिरात आणि लबाडाची जाहिरात यांत त्या पोरास दिसेल असा भेद आम्हीच ठेवला नव्हता. ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

अकरा पोत्यांचा फरक

तरुण निघून गेल्यावर निवृत्त मुनीमच मदतीस आले. त्यांना फोनवर वाचवत नाही, म्हणून सर्व अर्ज कागदावर छापून दिले. ते दोन दिवस चष्मा लावून वाचीत बसले आणि तिसऱ्या दिवशी एक अर्ज आमच्यापुढे ठेवून म्हणाले, 'भाऊ, हा पाहा.' अर्ज उधन्याच्या एका मुलीचा होता. वडील यंत्रमागावर काम करणारे. अनुभव तीन वर्षांचा, म्हणून चाळणीने तो वगळला होता. पण तिने लिहिले होते की, पूर्वीच्या जागी साठा आणि वही यांत अकरा पोत्यांचा फरक येत होता. परत आलेला माल आवकेत दोनदा चढला होता, हे तिने तीन महिन्यांच्या पावत्या ताडून शोधून काढले. मुनीम म्हणाले, 'बाकी सर्वांनी आपले गुण लिहिले आहेत. हिने काम लिहिले आहे.'

आम्ही कबूल करतो की आम्ही आठ दिवस घुटमळलो. पेढीवर स्त्री कधी बसली नव्हती. वखारीत स्त्रियांसाठी प्रसाधनगृहदेखील नव्हते. ते आधी बांधावे लागले. नंतर तिला आठवडाभर, पूर्ण वेतन देऊन, मुनिमांजवळ बसविले. आज दीड वर्ष होत आले. साठा आणि वही जुळतात. ती सदैव राहील असा आमचा भ्रम नाही. अडतीस वर्षांचा काळ गेला. परंतु जाताना ती रीतसर सांगून व काम दुसऱ्यास समजावून जाईल, एवढा भरवसा वाटतो. आणि तो टिकविणे आमच्याही वागण्यावर अवलंबून आहे.

व्यापारीबंधूंस सूचना

अनुभवाने आम्ही पुढील नियम घालून घेतले आहेत. कोणास उपयोगी पडल्यास आनंद आहे.

१. जाहिरातीत पेढीचे नाव, पूर्ण पत्ता, पगाराचा आकडा, कामाचे तास व बोलावयाच्या माणसाचे नाव लिहावे. 'उमेदवाराकडून कोणतीही रक्कम घेतली जात नाही' हे वाक्य न विसरता घालावे.

२. चाळणी केवळ अत्यावश्यक गोष्टीची लावावी. वगळलेल्या अर्जांतील काही तरी स्वतः वाचावेत.

३. मुलाखत फोनवर झाली तरी परीक्षा समोर बसवून घ्यावी, आणि ती आपल्या धंद्याची असावी. पूर्वीच्या मालकास, उमेदवारास कळवून, फोन करावा. दोन मिनिटांचे बोलणे हीच आजची चिठ्ठी.

४. कामाची पारख करण्यासाठी बोलावलेल्या दिवसांचे वेतन द्यावे. फुकट राबवून पारख करणे आपल्या रीतीस शोभत नाही.

५. उमेदवारांची आधारपत्रे, छायाचित्रे व पत्ते फोनमध्ये पडू देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. काम झाले की ती पुसून टाकावी.

६. ज्यांस नाकारले त्यांस एक ओळ कळवावी. शंभर जणांस कळविण्यास आता एक घटका पुरते. वाट पाहणाऱ्यास मात्र ती ओळ मोलाची असते.

७. हमाल, तोलणारे, बारदान शिवणारे यांच्यासाठी पायरी उघडी ठेवावी. ज्यास फोनवरील अर्ज भरता येत नाही, त्यास पन्नास किलोचे पोते उचलता येत नाही असे थोडेच आहे?

८. आपल्या कामगारांच्या मुलाबाळांस सांगून ठेवावे : नोकरीसाठी कोणी आधी पैसे मागितले तर ती नोकरी नव्हे. पत्र आले तर कारखान्याच्या फाटकावर किंवा त्याच्या अधिकृत क्रमांकावर विचारावे, आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न राहता त्याच क्षणी १९३० क्रमांक फिरवावा.

समारोप

धान्यबाजारात मालाचे वर्णन कितीही गोड असले तरी पोत्यात सळई खुपसून वानगी हातावर घेतल्याशिवाय सौदा होत नाही. जाळ्यावरील अर्ज हे वर्णन आहे. वानगी अद्याप समोरासमोरच पाहावी लागते. परंतु पूर्वी आमच्यापुढे दोनच पोती येत आणि आम्ही त्यांतलीच वानगी पाहून समाधान मानीत असू. आज सबंध बाजारातली पोती पुढे येतात, हा लाभ लहान नाही. दोन्ही बाजूंची बेरीज करता आमच्या खात्यात शिल्लक जमेचीच निघते.

मुकादमांचा तो भाचा सध्या आमच्याच वखारीत आवक-जावक लिहितो आणि आईचे कर्ज दरमहा फेडतो. मंडळाने आपल्या कार्यालयात एक माणूस आठवड्यातून एक दिवस बसवावा, आणि नोकरीचे आलेले पत्र खरे की खोटे हे कोणासही, तो कोणत्याही समाजाचा असो, विनामूल्य पाहून सांगावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. पहिल्या वर्षाचा खर्च आमची पेढी सोशील.

सूज्ञांस अधिक काय लिहावे? चूकभूल द्यावी घ्यावी.